बोर्डिंगातली पंगत

आज आपण शाळेबद्दल बोलणार आहोत, पण सकाळी डबा घेऊन जायच्या आणि संध्याकाळी घरी यायच्या शाळेबद्दल नाही. जिथं पोर राहायलाच जाते, पेटी, ताट-वाटी, अंथरूण-पांघरूण घेऊन जाते आणि दिवाळीलाच घरी येते, त्या शाळेबद्दल. आपल्या आज्या तिला बोर्डिंग म्हणायच्या. आम्हीही आज तोच शब्द वापरू.

हा विषय घ्यायला कारण झालं ते रस्त्यावरच्या पाट्यांचं. आमच्या थेरगावातून डांगे चौकाकडे निघा, नाहीतर चाकणच्या रस्त्याला लागा, मोठमोठे फलक दिसतात. आंतरराष्ट्रीय शाळा, निवासी शाळा, उद्याचे नेते घडवणारी शाळा. गटाच्या बैठकीत एकदा यावरून बराच वेळ बोलणं झालं. एक बाई म्हणाली, नेते काय असे शाळेत घडतात? नेता म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं पांढरे कपडे, पुढं गाडी आणि मागं चार पोरं एवढंच येतं. दुसरी म्हणाली, आधी सांगा तिथं आपली पोरगी जाईल का? आणि तिसरीनं जे विचारलं ते आमच्या मनात राहिलं. ती म्हणाली, पोरीला परक्याच्या दारात ठेवायचंच असेल तर लग्न काय वाईट?

तिनं थट्टेत विचारलं, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. दहावी झाली, कॉलेज लांब, एस.टी. वेळेवर नाही, आणि त्याच वर्षी स्थळ येतं. आपल्यापैकी कितीजणींचं शिक्षण असंच थांबलं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आम्ही ठरवलं की बोर्डिंग ही गोष्ट आपल्या मुलखात आली कशी, ती कुणी चालवली, आणि तिच्या पंगतीत कोण बसलं, हे एकदा नीट बघायचं.

सुरुवात जवळून करू. थेरगावातून हिंजवडी, माण, घोटावडे करत पौडला जा. पौडपासून कोळवणच्या बाजूला खुबवली नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर १९९७ साली एक शाळा सुरू झाली. महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज तिचं नाव. महिंद्रा म्हटल्यावर आपल्याला चाकणचा कारखाना आठवतो, पाळीवर जाणारी घरची माणसं आठवतात. त्याच महिंद्रा घराण्याच्या मदतीनं ही शाळा उभी राहिली. पुण्यात स्थायिक झालेले ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी तिच्या इमारतींचा आराखडा केला. दगडी भिंती, मोकळी अंगणं, डोंगरउतारावर विखुरलेल्या खोल्या. लांबून पाहिलं तर वाडीच वाटावी.

नावात कॉलेज असलं तरी ती आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची शाळा आहे. दोन वर्षं राहायचं. मुलं-मुली जगाच्या नाना देशांतून येतात. एका खोलीत वेगवेगळ्या देशांची पोरं, एकच भोजनगृह. सहा विषय शिकायचे, एका विषयावर स्वतः शोध घेऊन मोठा निबंध लिहायचा. त्याशिवाय कला, शरीरकष्ट आणि सेवा ही तीन कामं अभ्यासाचाच भाग. सेवा केली नाही तर पदविका मिळत नाही. ही पदविका देणारी संस्था १९६८ साली जिनिव्हाला निघाली. तिला थोडक्यात आय.बी. म्हणतात. फलकांवर ही दोन अक्षरं तुम्ही वाचली असतील.

आता ही कल्पना कुणाची? कुर्ट हान नावाचे एक जर्मन मास्तर होते. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, त्यांनी जर्मनीत सालेम इथं एका जुन्या वाड्यात निवासी शाळा काढली. त्यांचं म्हणणं असं की पोरं हुशार निघाली तरी देश वाचत नाही, पोरांना दुसऱ्याची काळजी वाटली पाहिजे, आणि ती पुस्तकातून वाटत नाही, काम अंगावर पडल्याशिवाय वाटत नाही. पुढं हिटलर आला. हान जन्मानं ज्यू, त्यात हिटलरच्या माणसांनी केलेल्या एका खुनाबद्दल ते उघड बोलले आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना म्हणाले, एक तर सालेम निवडा नाहीतर हिटलर. १९३३ साली त्यांना तुरुंगात टाकलं. सुटले ते ब्रिटनला गेले. १९३४ साली स्कॉटलंडमध्ये त्यांनी दुसरी शाळा काढली.

दुसरं महायुद्ध झालं. त्यानंतर १९५५ साली हान एका लष्करी महाविद्यालयात गेले. तिथं त्यांना काय दिसलं, तर दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी एकाच टेबलाशी बसून काम करत होते. त्यांना वाटलं, हे चाळिशीत जमतं तर सोळाव्या वर्षी का जमू नये? म्हणून १९६२ साली वेल्समध्ये समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. पौडजवळची शाळा त्याच घराण्यातली. आज जगभर अशा १८ शाळा आहेत.

एक गंमत ऐका. त्या वेल्सच्या शाळेनं पहिल्या पाच वर्षांत फक्त मुलगेच घेतले. जगातली भांडणं मिटवायला निघालेल्या शाळेला मुली आठवायला १९६७ साल उजाडलं! मोठ्या माणसांच्या मोठ्या कल्पनांतही ताट मांडताना आपलं ताट शेवटीच मांडतात, हे आम्हाला फार ओळखीचं वाटलं.

पण त्या शाळेतली एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली. शाळेसमोरचा समुद्र खवळलेला. बुडणाऱ्या माणसांना वाचवायचं काम विद्यार्थ्यांकडेच दिलेलं. पण जड होडी किनाऱ्यावरून लोटताना फुटायची, आणि नुसती रबरी होडी लाटेवर पटकन वळायची नाही. शाळेचे पहिले मुख्याध्यापक डेझमंड होर हे आरमारातले निवृत्त अधिकारी. त्यांनी आणि पोरांनी मिळून वर्षानुवर्षं खटपट केली. खाली घट्ट तळ आणि भोवती हवा भरलेली रबरी नळी, अशी होडी त्यांनी तयार केली. आज पूर आला की बचाव पथकं जी होडी घेऊन येतात, तिचा जन्म तिथला. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं तेव्हा हवा भरलेल्या होड्यांतून बायका-पोरांना काढताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्या होडीचे हक्क होर यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडाला देऊन टाकले.

हे ऐकून गटातली ती पहिली बाई म्हणाली, म्हणजे नेता घडवणं म्हणजे भाषण शिकवणं नाही, होडी लोटायला लावणं. आम्ही म्हटलं, हान मास्तरांना तेच म्हणायचं होतं.

आता दुसरीचा प्रश्न. आपली पोरगी जाईल का? या शाळेची फी लाखांत आहे. मात्र प्रवेश फीवर ठरत नाही. भारतात एक निवड समिती आहे, ती मुलाखती घेते, मुलांना एकत्र काम करायला लावून बघते, आणि निवड झाल्यावर घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती देते. असं शिकलेली साध्या घरची मुलं आहेत. पण खरं सांगायचं तर फॉर्म इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. मुळात अशी काही सोय आहे हे कळलेलंच नसतं. टेकडीच्या पायथ्याच्या गावात राहूनही टेकडी लांब असू शकते.

मुळशीकरांना हे नवीन नाही. याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तुरुंग भोगला, पण धरण झालंच. वीज मुंबईला गेली आणि काठावरच्या वाड्या कित्येक वर्षं कंदिलावर राहिल्या. म्हणून आपल्या डोंगरावर काही मोठं उभं राहिलं की आपल्या बायका आधी विचारतात, यात आमचं काय? ते विचारणं चूक नाही.

आता मागं जाऊ. तुम्हाला वाटेल, आंतरराष्ट्रीय बोर्डिंग ही हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्यावरची गोष्ट. तसं नाही. आपल्या मुलखात बाहेरदेशच्या पैशावर, बाहेरदेशच्या बायकांच्या वर्गणीवर चाललेली मुलींची बोर्डिंग शाळा १८८९ साली सुरू झाली होती. हान मास्तर तेव्हा तीन वर्षांचेही झाले नव्हते.

ती काढली पंडिता रमाबाईंनी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्यांना छळलं, तर ते रानात जाऊन राहिले. तिथं गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली रमाबाईंचा जन्म. आईनं त्यांना शिकवलं. दुष्काळात आई-वडील गेले. भावाबरोबर पायी देश फिरत कलकत्त्याला पोचल्या, तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा वारला. कडेवर लेक मनोरमा. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला आणि पुढं अमेरिकेला गेल्या. अमेरिकेला जायचं निमित्त आनंदीबाई जोशी. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या.

अमेरिकेत त्या थांबल्या. बालवाडीची शिकवण्याची पद्धत शिकल्या. गावोगाव भाषणं दिली. आपल्याकडच्या उच्चवर्णीय विधवांचे हाल सांगणारं पुस्तक इंग्रजीत लिहून विकलं. आणि मग तिथल्या गावोगावच्या बायकांनी रमाबाईंच्या नावानं मंडळं काढली. दरवर्षी थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि हिंदुस्थानात पाठवायची, दहा वर्षं. मैत्रिणींनो, हा आपला बचत गटच झाला की! बॉस्टनला त्या सगळ्या मंडळांची मोठी संस्था झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

तिथं पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक होती देवरुखची गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली. मोठी झाल्यावर भावानं तिला मुंबईला आणून शारदा सदनात घातलं. आपण जरा तिच्या जागी उभं राहून बघू. कोकणातल्या घरात मागच्या दारी राबणारी, कुणाच्या शुभकार्यात पुढं न येणारी बाई. ती एकदम अशा घरात आली जिथं खुर्ची-टेबल आहे, पुस्तक आहे, बागेत फिरायची मुभा आहे, आणि तिला नावानं हाक मारतात. रमाबाई मुलींच्या पाठीला पाठ लावून जेवायला बसायच्या नाहीत. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या, पण ब्राह्मण मुलींचं सोवळं-ओवळं त्यांनी मोडायला लावलं नाही. स्वयंपाक मुलींच्या रीतीप्रमाणं वेगळा.

तरीही वादळ आलंच. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि पुण्यात आरडाओरडा झाला. वर्तमानपत्रं तापली. रानडे, भांडारकर अशी सुधारक माणसं सल्लागार मंडळात होती, त्यांनी १८९३ साली संबंध तोडला. अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं. यात कोण बरोबर हा वाद आजही लोक घालतात, आम्ही त्यात पडत नाही. आमची नजर त्या काढून नेलेल्या मुलींवर जाते. त्यांना कुणी विचारलं का? पाटी खाली ठेवून त्या परत मागच्या दारी गेल्या. बोर्डिंगचा निर्णय मुलीबद्दलचा, पण मुलीला न विचारता होतो, तेव्हाही आणि आताही.

रमाबाईंनी हाय खाल्ली नाही. दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आता जातीचा प्रश्न उरला नाही, भूक सगळ्यांना एकच. केडगावचं मुक्ती सदन असं वाढलं. तिथं मुलींनी शेती केली, विणकाम केलं, छापखाना चालवला. खिळे जुळवून पानं छापणाऱ्या बायका त्या काळी दुसरीकडं कुठं होत्या? केडगाव आजही चालू आहे, पुणे-सोलापूर रेल्वेनं जाताना लागतं.

आणि गोदूबाई? त्याच १८९३ साली, ११ मार्चला, शारदा सदनाच्या वाढदिवशीच, तिचं लग्न झालं. नवरा विधुर प्राध्यापक, धोंडो केशव कर्वे. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांच्या घराला वाळीत टाकलं. गोदूबाईची आनंदीबाई झाली, पण लोक तिला बाया कर्वे म्हणूनच ओळखायचे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला. त्याचं पुढं विद्यापीठ झालं १९१६ साली. ते आपण शाळेत शिकलो. पण बाया कर्वे झोळी घेऊन दारोदार आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या, हे आपल्याला कमी सांगितलं जातं. त्यांनी आपलं आयुष्य लिहून ठेवलंय, पुस्तकाचं नाव ‘माझे पुराण’. तुमच्या गावच्या वाचनालयात मागून बघा. भाषा अगदी आपल्या माजघरातली आहे.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही तरुणपणी विधवा, पदरात एक मुलगा, केस काढलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणीकडे आली आणि मुलगा असलेल्या वयात अक्षर गिरवायला बसली. पुढं हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार पाहू लागली, गावोगाव भाषणं देऊन पैसे जमवू लागली. आणि १९१८ साली ही बाई आश्रमासाठी निधी जमवायला एकटी अमेरिकेला गेली. इंग्रजी तुटपुंजं. पैसे संपले तेव्हा तिथल्या घरांमध्ये धुणी-भांडी, स्वयंपाक, झाडलोट करून राहिली, त्यातच भाषा शिकली. वय पन्नाशीला टेकलेलं. नऊवारी नेसलेली, शाकाहारी, देवरुखची बाई बोटीनं जग ओलांडून परत आली.

आमच्या गटात घरकामाला जाणाऱ्या बऱ्याचजणी आहेत. वाकडच्या, हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये सकाळी सहाला निघतात. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, म्हणजे तिनं आमचंच काम केलं, फक्त बोटीनं जाऊन केलं. आणि थोड्या वेळानं म्हणाली, पण तिच्या कामाचे पैसे शाळेला गेले. आमचेही जातातच की, ट्यूशनला.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. शारदा सदन असो की हिंगणं, सुरुवातीच्या पंगतीत बसल्या त्या बहुतेक ब्राह्मण घरच्या मुली. त्यांचे हाल खरेच होते, त्यात शंका नाही. पण शेतकऱ्याच्या, मजुराच्या, अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या घरच्या मुलांचं काय? सावित्रीबाई आणि ज्योतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ सालापासून शाळा काढून हे दार ढकललं होतं. बोर्डिंगच्या बाबतीत मोठं काम झालं ते कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची वसतिगृहं निघाली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं नाही तर शाळा फुकट असूनही तो शिकू शकत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. पण प्रत्येकाची पंगत अजून वेगळी होती.

ती एक केली साताऱ्यात. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध हो म्हणाले तर त्यानं ऐकलं नाही, म्हणून त्याला बोर्डिंगातून काढलं, असं सांगतात. याच भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका चुलीवर शिजवायची, एका ओळीत बसायची. पाणी भरायचं, दळायचं, जमीन खणायची, आणि शिकायचं. कमवा आणि शिका. १९२७ साली गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. हान मास्तरांच्या पोरांनी होडी लोटली, भाऊरावांच्या पोरांनी जातं ओढलं. आम्हाला दुसरं जास्त अवघड वाटतं, कारण समुद्राला जात नसते.

आणि या वसतिगृहाच्या मागं होत्या लक्ष्मीबाई पाटील. भाऊराव फिरतीवर, घरात परक्या पोरांचा ताफा. लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या, सोवळं पाळणाऱ्या. त्या बाईनं सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातानं वाढलं, आजारपणात उशाशी बसल्या. एकेक करत अंगावरचे दागिने मोडले. एके दिवशी कोठीत धान्य नव्हतं आणि पोरं उपाशी, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं. नवरा हयात असताना मंगळसूत्र विकायला देणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. तरुणच होत्या.

रयतेच्या वडाच्या झाडाखाली शिकून कुणी बॅरिस्टर झालं, कुणी कुलगुरू, कुणी आमदार-मंत्री. नेते घडवणारी शाळा म्हणायचं तर यापेक्षा मोठी कुठली? पण आम्हाला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या पहिल्या पंगतीत मुलगी नव्हती. मंगळसूत्र बाईचं गेलं, हात बाईचे भाजले आणि ताटावर बसले मुलगे. पुढं रयतनं मुलींसाठीही वसतिगृहं काढली, हे खरं. पण वाढणारी आधी आणि जेवणारी शेवटी, हा क्रम तिथंही चुकला नाही.

आता आजचं. १९९३ पासून गावच्या पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या, आणि २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. म्हणजे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी सरपंच आहेत, सदस्य आहेत. तुम्हाला कुठल्या बोर्डिंगानं तयार केलं नाही. सही कुठं करायची, ग्रामसेवकाला काय विचारायचं, सभेत उठून उभं राहायचं कसं, हे तुम्ही पदावर बसल्यावर शिकलात. काहीजणींना नवऱ्यानं शिकूच दिलं नाही, तोच सही करत राहिला. सोळाव्या वर्षी कुणी चार परक्या मुलींबरोबर एका खोलीत राहायला शिकवलं असतं, खर्चाचा हिशेब, भांडण मिटवणं, कामाची पाळी लावणं अंगवळणी पडलं असतं, तर किती सोपं गेलं असतं, असं मुळशीकडच्या एक माजी सरपंच आम्हाला म्हणाल्या.

त्या तिसऱ्या बाईच्या प्रश्नाला आमचं उत्तर इथं आहे. परक्याच्या दारात दोन्हीकडं जायचंच. पण बोर्डिंगात पोर गेली की सुट्टीत परत येते, आणि आली की जास्त बोलते. आपण भीती म्हणतो ती खोटी नाही. वसतिगृहाला कुंपण आहे का, रात्री बाई राहते का, संडासाला पाणी आहे का, आजारी पडली तर फोन येईल का, हे जाऊन बघा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे. कुणी दाखवायला का-कू केलं तर ते बोर्डिंग सोडून द्या.

आणि पाट्यांवरच्या शाळांची फी परवडत नसेल तर सरकारचं एक बोर्डिंग आहे, त्याची पाटी रस्त्यावर लागत नाही. जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही विद्यालयं निघाली. पुणे जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप इथं आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे तिथंच. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, ती मराठीतून देता येते. निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना आणि निदान एक तृतीयांश मुलींना. म्हणजे इथं आम्ही थेरगावच्या मागं आणि तुम्ही मुळशी, मावळ, खेडच्या गावातल्या पुढं! खेड्यातली जागा हवी तर तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली असावी लागते, तेव्हा पोरीला मधेच शहरातल्या शाळेत घालण्याआधी हे ध्यानात ठेवा.

नवोदयची आणखी एक रीत आहे. नववीत काही मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात आणि तिकडची मुलं इकडं येतात. पिंपळे जगतापच्या पोरीला हिंदी मुलखातल्या पोरींबरोबर एका ओळीत ताट घेऊन बसावं लागतं, त्यांची भाजी खावी लागते, आपली भाषा त्यांना शिकवावी लागते. पहिले पंधरा दिवस रडतात म्हणे सगळ्याच.

फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत. तो ऑनलाइन भरायचा असतो आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही लागते, म्हणून तारखेची विचारणा शाळेतच करा, पाचवीचं वर्ष सुरू झालं की लगेच. आधार कार्डावरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख एक आहे का ते आधी बघा, बहुतेक अडचण तिथंच येते. तुमच्या गटात पाचवीत जाणाऱ्या मुली किती आहेत ते येत्या बैठकीत मोजून ठेवा. अडलंच तर आम्हाला कळवा, आम्ही बसून भरून देऊ.